परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचे असल्यास सुरुवात कोठून करावी

परदेशी जाऊन स्वयंसेवा करण्याची इच्छा असलेले तरुण बहुधा पहिला प्रश्न देशाचा विचारतात. जर्मनी बरा की केनिया, कुठला व्हिसा लवकर मिळतो, कुठे खर्च कमी येतो, अशी चौकशी सुरू होते आणि कामाचा विषय तिकिटाच्या नंतर निघतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी ठरवायचे ते असे, की आपल्याला कोणते काम नीट येते, ते काम करणाऱ्या माणसाची तिथे खरोखर गरज आहे का, आणि आपण गेल्यामुळे तिथल्याच एखाद्या माणसाच्या हातचे काम जाणार तर नाही ना. या तीन गोष्टींचा उलगडा झाला की देशाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा तिथे युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांची निकड होती आणि त्यांच्याकडे नेमके तेच कौशल्य होते. तिथे राहून ते चिनी भाषा शिकले, चिनी विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. तेवढ्या तोलामोलाचे काम आपल्याकडून होईल अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु तिथली गरज, आपले कौशल्य आणि तिथली भाषा हा त्यांच्या कामातला क्रम तीन आठवड्यांच्या शिबिराला जाणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

घराजवळच्या कामापासून

ज्याने आपल्या गावात सलग सहा महिने एखादे काम केलेले नाही, त्याने परदेशासाठी अर्ज करण्याची घाई करू नये. यात कोणाला हिणवण्याचा हेतू नाही. निवड करणाऱ्या संस्थांना उत्साहापेक्षा नियमितपणाचा पुरावा हवा असतो आणि तो इथेच तयार होतो. महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजना त्यासाठी फार उपयोगी पडते. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. पुष्कळ विद्यार्थी ते केवळ वाढीव गुणांसाठी उरकून टाकतात. पण ज्याने त्या शिबिरात खरोखर बंधारा बांधला, पन्नास जणांच्या जेवणाची व्यवस्था पाहिली किंवा गावात घरोघर जाऊन सर्वेक्षण केले, त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी असते. महाविद्यालय संपलेले असेल तर एखादे वाचनालय, पशुवैद्यकीय दवाखाना, वृद्धाश्रम किंवा वस्तीतला अभ्यासवर्ग निवडावा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला उन्हाळ्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीतही आपल्या शरीराची आणि स्वभावाची चांगली पारख होते.

या अनुभवाची नोंद ठेवावी. तारीख, तास, केलेले काम आणि चुकलेली गोष्ट एवढे वहीत लिहिले तरी पुरे. पुढे अर्जासोबतचे पत्र लिहिताना हीच वही कामी येते. “मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे” हे वाक्य निवड करणाऱ्यांनी शेकडो पत्रांत वाचलेले असते. त्याऐवजी “गेली दोन वर्षे दर शनिवारी दोन तास मी वस्तीतल्या पाचवीच्या अकरा मुलांना अपूर्णांक शिकवत आहे, त्यांतली चार मुले मध्येच येईनाशी झाली, तेव्हा वर्गाची वेळ पाणी येण्याच्या वेळेशी जुळत नव्हती हे मला उशिरा कळले” असे लिहिले, तर वाचणाऱ्याला माणूस दिसतो. स्वतःची चूक आणि ती कशी कळली हे सांगणारे पत्र सहसा बाजूला पडत नाही.

भारतीय नागरिकाला खुले असलेले मार्ग

नावाजलेले काही कार्यक्रम आपल्यासाठी नसतात, हे आधी समजून घेतले म्हणजे वेळ वाचतो. पीस कोअर केवळ अमेरिकेच्या नागरिकांसाठी आहे, जपानची परदेशी सहकार्याची स्वयंसेवक योजना जपानी नागरिकांसाठी आहे आणि युरोपीय संघाची सॉलिडॅरिटी कोअर ही योजना मुख्यत्वे युरोपातल्या व त्याच्या शेजारच्या देशांतल्या तरुणांसाठी आहे. यांच्या नावाने भारतात कोणी जागा मिळवून देण्याचे आश्वासन देत असेल, तर तिथून उठून यावे.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे अल्पमुदतीची श्रमशिबिरे. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही या क्षेत्रातली जुनी चळवळ आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली पियेर सेरेसोल यांनी फ्रान्समधल्या व्हर्दनजवळच्या उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांची माणसे एकत्र आणून घरे उभारायला घेतली आणि तिथून ती सुरू झाली. १९३४ च्या भूकंपानंतर हेच सेरेसोल बिहारमध्ये गावांच्या पुनर्वसनासाठी येऊन राहिले होते, त्यामुळे या चळवळीचे भारताशी नाते जुने आहे. शिबिरे साधारण दोन ते तीन आठवड्यांची असतात. दहा-पंधरा देशोदेशीचे स्वयंसेवक एकत्र राहतात, आळीपाळीने स्वयंपाक करतात आणि पायवाटांची दुरुस्ती, बागकाम, महोत्सवाची तयारी अशी कामे करतात. राहण्या-जेवणाची सोय यजमान करतात. नोंदणीचे माफक शुल्क व प्रवासखर्च आपला असतो. अर्ज आपल्या देशातल्या शाखेमार्फत किंवा भागीदार संस्थेमार्फत करायचा असतो. उन्हाळ्यातल्या शिबिरांच्या याद्या वसंत ऋतूच्या सुमारास प्रसिद्ध होत असल्यामुळे पासपोर्ट त्याआधीच हातात असावा.

दीर्घ मुदतीसाठी जर्मनीचे स्वयंसेवा-वर्ष हा मराठी तरुणांनी गंभीरपणे विचार करावा असा मार्ग आहे. सक्तीची लष्करी भरती स्थगित झाल्यानंतर १ जुलै २०११ रोजी तिथे बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट, म्हणजे संघराज्य स्वयंसेवा, सुरू झाली. तिला वयाची वरची मर्यादा नाही. त्याहून जुनी असलेली सामाजिक स्वयंसेवा-वर्षाची योजना सत्तावीस वर्षांखालच्या तरुणांसाठी आहे. दोन्हींत काम बहुधा बारा महिन्यांचे असते आणि वृद्धाश्रम, रुग्णालय, बालवाडी किंवा अपंगांसाठीचे निवासी केंद्र अशा ठिकाणी ते करावे लागते. दरमहा हातखर्च मिळतो, सामाजिक विम्याचा हप्ता संस्था भरते आणि अनेक ठिकाणी राहण्याची किंवा जेवणाची सोय असते. सत्तावीस वर्षांखालच्या स्वयंसेवकांसाठी वर्षभरात पंचवीस दिवसांची शिबिरवजा सत्रे बंधनकारक असतात, जिथे कामातल्या अडचणी मोकळेपणाने बोलता येतात. कारितास, डियाकोनी, जर्मन रेड क्रॉस आणि आर्बायटरवोलफार्ट या संस्थांकडे थेट अर्ज करता येतो. मधल्या माणसाची गरज नसते.

गरज असते ती भाषेची, आणि तिथे पळवाट नाही. पुण्याच्या व मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा इतरत्र शिकून निदान ए-२ (रोजच्या साध्या बोलण्यापुरती), आणि शक्य झाल्यास बी-१ (स्वतंत्रपणे संवाद साधण्याइतकी) ही पातळी गाठावी. शून्यापासून बी-१ पर्यंत पोहोचायला नियमित अभ्यास करणाऱ्याला साधारण वर्ष लागते. त्यामुळे सप्टेंबरमध्ये रुजू व्हायचे असेल तर आधीच्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या आतच भाषेचा वर्ग सुरू झालेला असावा आणि अर्ज हिवाळ्यात गेलेले असावेत.

माझ्या ओळखीतली साताऱ्याची एक मुलगी बी-१ ची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन दक्षिण जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात गेली. पर्यावरण, प्रवास आणि समाजमाध्यमे या विषयांवर तिला जर्मनमध्ये पाच मिनिटे बोलता येत होते; पण पहिल्या सकाळी एका आजींनी कवळी मागितली तेव्हा तिला तो शब्दच माहीत नव्हता, आणि आजी बोलत होत्या त्यांच्या गावच्या बोलीत. तिने खिशात छोटी वही ठेवली. कवळी, उशी, पाठ फिरवून द्या, इथे दुखते, खिडकी लावा, गार वाटते, असे शब्द नि वाक्ये स्वयंपाकघरातल्या मदतनीस बाईंकडून ती रोज लिहून घेत असे. तिथे संध्याकाळचे जेवण साडेपाचला, म्हणजे ब्रेड, चीज आणि थंड मांसाचे काप; शाकाहारी असल्यामुळे तिच्या वाट्याला ब्रेड-चीज येई आणि रात्री नऊला पोटात कावळे ओरडत. महिन्याभरात तिने खोलीत छोटा कुकर आणि मुगाची डाळ ठेवायला सुरुवात केली. अशा वर्षाची तयारी करताना भाषेच्या वर्गाबरोबर एखाद्या वृद्ध नातेवाइकाची शुश्रूषा काही दिवस स्वतः करून पाहावी, असे तीच आता इतरांना सांगते.

ज्यांच्याकडे व्यवसायाचा अनुभव आहे, त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वयंसेवक कार्यक्रमाकडे पाहावे. १९७० साली महासभेने स्थापन केलेल्या या कार्यक्रमाचे मुख्यालय जर्मनीतल्या बॉन शहरात आहे. त्यांच्या संकेतस्थळावर आपली माहिती भरून ठेवावी लागते आणि पुढे प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र निवड होते. परिचारिका, अभियंते, संगणकतज्ज्ञ, हिशेबनीस, जनसंपर्काचे काम करणारे अशा अनेकांना तिथे वाव असतो. निवड झाल्यास मासिक निर्वाहभत्ता, विमा व प्रवासखर्च मिळतो. याच कार्यक्रमात घरबसल्या करायची ऑनलाइन स्वयंसेवाही आहे. भाषांतर, मांडणी, माहितीचे संकलन अशी कामे घरून करता येतात आणि नवख्या माणसाला आपल्या नावावर आंतरराष्ट्रीय कामाचा अनुभव नोंदवता येतो. अर्जाच्या कोणत्याही टप्प्यावर संयुक्त राष्ट्रसंघ पैसे घेत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. डॉक्टर, परिचारिका, भूलतज्ज्ञ तसेच साठा व वाहतूक सांभाळणारे यांच्यासाठी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था आहे. तिथे वेतन मिळते आणि कामाचा पूर्वानुभव लागतो.

संस्था पारखताना

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. परदेशी स्वयंसेवा हा काही ठिकाणी व्यापार झाला आहे. दोन आठवड्यांचे पॅकेज, विमानतळावरून गाडी, शनिवार-रविवारी सफारी आणि मधल्या दिवसांत अनाथालयातल्या मुलांशी खेळणे, अशा जाहिरातींपासून दूर राहावे. कंबोडिया, नेपाळ आणि अन्य काही देशांत अशा अनाथालयांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे युनिसेफने आणि बालहक्कांसाठी काम करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. पाहुणे येतात आणि देणग्या देतात, म्हणून गरीब घरांतली मुले शिक्षणाच्या आमिषाने तिथे आणून ठेवली जातात. दर पंधरा दिवसांनी नवी ताई, नवा दादा येतो, मुले लळा लावून घेतात आणि तो माणूस निघून जातो. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेनेही बालहक्कांवरील ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवा-कार्यक्रमांमुळे होणाऱ्या हानीचा उल्लेख केला. आपला हेतू कितीही निर्मळ असला, तरी अल्पमुदतीसाठी अनाथालयात जाऊ नये, इतके मी निःसंदिग्धपणे सांगतो.

चांगली संस्था आपल्यालाच प्रश्न विचारते. मुलांसोबत किंवा असहाय माणसांसोबत काम असेल आणि तरीही संस्थेने पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र मागितले नाही, संदर्भ तपासले नाहीत, मुलाखत घेतली नाही, तर तिला त्या माणसांची पर्वा नाही असे समजावे. आपणही संस्थेला लेखी विचारावे, की माझा सोमवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा जाईल, माझ्यावर देखरेख कोणाची असेल, हे काम स्थानिक माणूस का करत नाही, मी गेल्यानंतर ते कोण पुढे नेईल, मी आजारी पडलो तर जबाबदारी कोणाची, आणि मी भरलेले पैसे कशावर खर्च होतात. गेल्या वर्षीच्या दोन स्वयंसेवकांशी बोलण्याची विनंती करावी आणि त्या बोलण्यात “तिथे कसे वाटले?” असे मोघम विचारण्याऐवजी “कोणत्या दिवशी परत यावेसे वाटले?” असे विचारावे. या प्रश्नाला सहसा खरे उत्तर मिळते.

पैशाबाबत नियम साधा आहे. शुल्क मागितले म्हणून प्रत्येक संस्था वाईट ठरत नाही, कारण राहण्या-जेवणाचा खर्च कुठून तरी यावाच लागतो. मात्र त्याचा लेखी हिशेब, संस्थेच्या नावाची पावती आणि रद्द झाल्यास परताव्याची अट हवी. रक्कम एखाद्या व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यावर मागितली, आज रात्रीपर्यंत भरा असा तगादा लावला किंवा मूळ पासपोर्ट ताब्यात मागितला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. आग्नेय आशियात संगणकावरच्या सोप्या कामाच्या नावाखाली नेऊन भारतीय तरुणांना सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याच्या घटनांवर परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार सावध केले आहे. ती माणसेही गोड बोलूनच बोलावतात.

व्हिसा आणि कागदपत्रे

पर्यटक व्हिसावर जाऊन स्वयंसेवा करता येते, असा समज सर्रास आहे. अनेक देशांत विनावेतन कामालाही काम समजतात आणि विमानतळावरूनच परत पाठवू शकतात. देशागणिक नियम वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये अभ्यागत म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस मदत करता येते, तीही प्रवासाचा मुख्य हेतू दुसरा असेल तर. अधिक काळासाठी धर्मादाय कार्यकर्त्यांचा स्वतंत्र व्हिसा आणि परवानाधारक यजमान संस्था लागते. जर्मनीच्या स्वयंसेवा-वर्षासाठी राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा लागतो, त्याचे शुल्क ७५ युरो आहे, आणि संस्थेशी झालेला करार अर्जासोबत जोडावा लागतो. युरोपातल्या छोट्या शिबिरासाठी शेंगेन, म्हणजे तिथल्या बहुतेक देशांना सामाईक असलेला अल्पमुदतीचा, व्हिसा काढताना निमंत्रणपत्रात कामाचे स्वरूप स्पष्ट लिहून घ्यावे, ते वाणिज्य दूतावासापुढे लपवू नये आणि किमान ३० हजार युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा काढावा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे निदान सहा महिने असावी. पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळते. पदवी आणि जन्मदाखल्यावरच्या अपोस्टिल नावाच्या आंतरराष्ट्रीय साक्षांकनासाठी पुष्कळ जण आधीच धावपळ करतात. परंतु कोणते साक्षांकन चालते हे देशागणिक बदलते, म्हणून यजमान संस्थेने व दूतावासाने मागितल्यावरच तो खर्च करावा. दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर नावाचे स्पेलिंग वेगवेगळे असण्याची अडचण मात्र आपल्याकडे घरोघरी आढळते. वडिलांचे नाव मध्ये आहे की शेवटी, आडनाव एकाच पद्धतीने लिहिले आहे का, हे सर्वांत आधी तपासावे. गॅझेटमधून नाव दुरुस्त करायला वेळ लागतो.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या प्रदेशात जायचे असल्यास लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी. २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरले जाते, आणि ते नसेल तर परत येताना भारतातच विलगीकरणात राहावे लागू शकते. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. दातांची कामे इथेच उरकून घ्यावीत, कारण प्रवासी विम्यात ती सहसा धरलेली नसतात.

निघताना आणि पोहोचल्यावर

कामाचे तास, सुट्टी, राहण्याची जागा, हातखर्च आणि करार मध्येच संपवण्याची पद्धत हे सारे कागदावर आल्याशिवाय तिकीट काढू नये. परतीच्या तिकिटाइतके पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि त्यांना कोणत्याही कारणाने हात लावू नये. राहणे असह्य झाले तर माणसाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. घरच्यांकडे संस्थेचा पत्ता, देखरेख करणाऱ्याचा दूरध्वनी आणि भारतीय दूतावासाचा क्रमांक लिहून ठेवावा. संकटात परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

पहिले दोन आठवडे सुधारणा सुचवण्याचा मोह आवरावा. भांडी कुठे ठेवतात, कोण कोणाशी काय बोलतो, कोणत्या कामाला कोणाची परवानगी लागते हे पाहावे आणि सांगितलेले काम वेळेवर करावे. लाभार्थ्यांची, विशेषतः मुलांची आणि रुग्णांची छायाचित्रे त्यांच्या व संस्थेच्या परवानगीशिवाय काढू नयेत, आणि परवानगी मिळाली तरी समाजमाध्यमावर टाकण्याआधी आपल्या आजीचा असा फोटो कोणी टाकला असता तर चालले असते का, हे मनाला विचारावे. न जमणारे काम, उदाहरणार्थ प्रशिक्षण नसताना इंजेक्शन देणे किंवा रुग्णाला एकट्याने उचलणे, कोणी सांगितले तरी नम्रपणे नाकारावे.

मुदत संपण्याच्या महिनाभर आधी प्रमाणपत्र मागून घ्यावे. त्यावर केवळ “सहभाग घेतला” असे नसावे. कालावधी, आठवड्याचे तास, केलेली कामे आणि देखरेख करणाऱ्याची सही असावी. त्याच महिन्यात आपल्या जागी येणाऱ्यासाठी दोन पानांचे टिपण लिहून ठेवावे. साताऱ्याच्या त्या मुलीने आपली शब्दांची वही तिथेच ठेवली; तिच्यानंतर आलेल्या मुलाला पहिल्याच सकाळी कवळीसाठीचा शब्द माहीत होता.